लंडनची भेंडी आणि गावदेवीचा मोडा

परत आल्यावर सुरुवातीचे काही दिवस मला लेखणी धरता आली नाही. कारण वैचारिक नव्हतं. बोटांपासून कोपरापर्यंत दोन्ही हातांना अशी खाज सुटली होती की मी जेवताना, बोलताना, झोपेत, सगळीकडे हात खाजवत होतो. आई खोबरेल तेल चोळत होती आणि विचारत होती, "जागतिकीकरणाचा अभ्यास असा हातानं करतेत व्हय रे?"

आमचं घर सोलापूरचं. वडील गिरणीत होते आणि संघटनेत होते, त्यामुळे आमच्या खाटेखाली ट्रंकेऐवजी पत्रकांचे गठ्ठे असत. मी बाराखडी त्यांच्यावरूनच शिकलो. इतर मुलांचा 'ध' धनुष्याचा असतो, माझा धिक्काराचा होता. पुढे मी स्वतःच पत्रकं लिहायला लागलो, आणि एका छोट्या मासिकाच्या संपादकांनी मला 'जागतिकीकरण आणि गाव' या विषयावर पुस्तिका लिहायला सांगितली, तेव्हा मी लगेच बसून शेवटचं प्रकरण लिहून टाकलं. निष्कर्ष तयार होता. फक्त पुरावा आणायचा राहिला होता.

पुराव्यासाठी मी शहापूर निवडलं. महामार्ग, गोदामं, परदेशी जाणारी भाजी, सगळं एका तालुक्यात सापडतं असं ऐकलं होतं. शिवाय माझा मित्र दीपक याची आत्या तिथल्याच एका गावात राहते, म्हणजे जेवणाची सोय. पिशवीत मी दोन गठ्ठे घेतले. एक नवा, 'जागतिकीकरणाचा विळखा ओळखा!' आणि एक जुना, शिल्लक राहिलेला, 'भगताला प्रश्न विचारा!' दोन्ही मीच लिहिलेले. ही दोन पत्रकं एकाच पिशवीत ठेवणं धोक्याचं आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवार, शहापूर

आसनगावला उतरलो तेव्हा माहुलीचे सुळके समोर उभे होते आणि त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. शहापूरच्या बाजारात मी विळखा शोधत हिंडलो. तो फार लवकर सापडला. एका दुकानात विळे, सुपं, टोपल्या आणि त्यांच्याच शेजारी मोबाइलची रंगीत कव्हरं टांगली होती. मी दुकानदाराला विचारलं, "हे सगळं चीनचं ना?"

"कव्हरं चीनची. विळे इथलेच," तो म्हणाला. "काय पाहिजे?"

मी त्याला समजावून सांगू लागलो की बाहेरचा स्वस्त माल गावच्या कारागिराचा गळा कसा आवळतो. त्याने मान डोलावत शांतपणे ऐकून घेतलं. मग मला आठवलं की मी चार्जरची वायर घरी विसरलो आहे.

"वायर आहे का?"

"हाय की. पण चीनची हाय. चालंल?"

चालली.

महामार्गाच्या कडेला उभा राहून मी कंटेनरच्या गाड्या बघितल्या. चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या एका ड्रायव्हरला विचारलं, कंटेनरमध्ये काय आहे. तो म्हणाला, "पता नहीं भाई, सील है." हे वाक्य मला एकदम खोल अर्थाचं वाटलं आणि मी ते पुस्तिकेचं पहिलं वाक्य म्हणून मनाशी पक्कं केलं. माझी अशी पहिली वाक्यं बरीच साठलेली आहेत.

सोमवार, सापगाव, शेणवा आणि पुढे

सकाळी जीप मिळाली. सापगावचा पूल ओलांडला की शहापूरचा गोंगाट मागे राहतो. खाली भातसेचं पाणी हिरवंगार, संथ. भातं कधीच झोडून झाली होती, शेतात नुसता धसकटांचा पिवळा पसारा, आणि त्याच्यात मधे मधे वालाचे हिरवे तुकडे. आंब्याला मोहोर आला होता. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी उभी असते, माणूस तिच्यात हरवतो. इथे सगळं उघडं, आणि दूरवर डोंगरांची भिंत.

शेणवा सोडल्यावर ज्या गावात मी उतरलो त्याचं नाव सांगणार नाही. गावाने तशी अट घातली आहे, आणि ती का घातली हे पुढे कळेल.

दीपकच्या आत्याचं नाव सुगंधा. उंच, सडसडीत बाई, आवाज असा की बांधावरून मारलेली हाक नदीपलीकडे जावी. मला बघून म्हणाली, "दीपकचा दोस्त ना तू? किती बारीक हायस रे! सोलापूरला काय खातात का नाय?"

मी म्हणालो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"मग बरोबर," ती म्हणाली आणि तांदळाची पांढरी, ओलसर भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी माझ्यासमोर ठेवली. सुकट मी पहिल्यांदा खाल्ली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दारिद्र्य बघून आलं असं मी स्वतःला सांगितलं. नंतर अजून दोनदा मागून घेतली.

ओटीवर तिचे यजमान झोपले होते. ती त्यांना 'मालक' म्हणते. मालक महामार्गावरच्या एका गोदामात रातपाळी करतात, लोकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तूंची खोकी उचलतात. दुपारी उठले तेव्हा कमरेला रुंद पट्टा बांधूनच उठले, भिंत धरून. मी आदराने त्यांच्या कामाबद्दल विचारलं.

"काल एक खोकं फुटलं," ते म्हणाले. "आत काय असंल बोल."

"मोबाइल?"

"गोवऱ्या! शेणाच्या. पातळ कागदात गुंडाळलेल्या, सोनं असल्यासारख्या. मुंबईला चालल्या होत्या." त्यांना हसू आलं, मग हसल्याने कमरेत कळ आली, मग त्या कळेचंही हसू आलं. "आमची सुगंधा इथं फुकट थापतेय."

जेवण झाल्यावर आत्याने मला तिची भेंडी दाखवली. वावर मोठं नव्हतं, पण गावात सगळ्यांच्या तोंडी त्याचाच विषय होता, कारण परदेशी जाणारी भेंडी लावणारी ती गावात पहिलीच.

"ही लंडनची," ती म्हणाली, जशी काही ती जावयाकडे जाणारी असावी. "एक दिवसाआड तोडा. मुरबाडहून टेम्पो येतो, तिकडं निवडतात, मग रातच्या विमानानं जाते. बोटाएवढीच पाहिजे. एक दिवस चुकला तर एवढी होते." तिने हाताने दाखवलं. "मग ती जून. तिला लंडन घेत नाय, आमी खातो."

"आणि तोडा चुकला तर?" मी विचारलं.

"पहिला सीझन हाय माझा. कंपनीचा माणूस बोललाय, खाडा झाला का नंबर दुसऱ्याला देनार. रांग लागलीय तिकडं." ती घराकडे बघून थोडी हळू बोलली. "मालकांची पाठ गेलीय रे. ही भेंडी धरली तर रातपाळी सोडीन बोललेत. म्हणून मी हिला लेकरावानी जपतेय. उद्या सकाळी तोडा हाय, तू पण बघ."

मी मान डोलावली. मनात मात्र 'नंबर दुसऱ्याला' या शब्दांभोवती एक घणाघाती परिच्छेद तयार होत होता. तो इतका चांगला जमत होता की 'उद्या सकाळी तोडा' हे शब्द त्या गडबडीत कुठेतरी सांडले.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळासमोर माणसं जमली. आत्या धार काढत होती, ती आली नाही. मी गेलो. जमलेली माणसं बघून घरी बसणं माझ्या रक्तात नाही.

तिथे मला मोडा म्हणजे काय ते कळलं. वर्षातले काही दिवस गावदेवीच्या नावाने शेतीची सगळी कामं बंद ठेवायची. औत नाही, विळा नाही, झाडाचं पानसुद्धा तोडायचं नाही. जमिनीला आणि माणसाला सुट्टी. हा मोडा कधी धरायचा ते भगत सांगतो. गावचे भगत रामाबाबा, डोक्याला पांढरा फेटा, खिशात मोबाइल, यांनी जाहीर केलं की या वेळचा मोडा पुढच्या मंगळवारी नसून उद्याच आहे. कारण त्यांचा मुलगा किशोर कतारहून सुट्टीवर आला आहे आणि या आठवड्यातच परत जाणार. देवळाची नवीन शेड त्यानेच बांधून दिली. त्याला मोडा मिळायला हवा.

किशोर शेजारीच उभा होता, अत्तराचा वास येत होता आणि तो संकोचून फरशीकडे बघत होता.

तेवढ्यात मागून एक बाई बोलली. या यमुनाकाकू, आत्याच्या शेजारी. "बाबा, पुढल्या मंगलवारीच राहू द्या की. उद्या त्या कंपनीचा टेम्पो येतोय. अडचन होतेय."

रामाबाबा विचारात पडले. त्यांनी फेटा काढला, परत घातला. "तसं म्हनाल तर..." ते म्हणू लागले.

आणि मी उठलो.

'कंपनीचा टेम्पो' एवढंच मला ऐकू आलं होतं. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला गावदेवी, आणि मधे डळमळणारं गाव. ज्याचं शेवटचं प्रकरण आधीच लिहून झालं आहे त्या माणसाला असा देखावा पुन्हा कधी दिसत नाही. मी म्हणालो, "मित्रहो, तुम्हाला माहीत आहे का तुमच्याकडे काय आहे? हा मोडा म्हणजे जगातला सगळ्यात जुना संप आहे! तुमच्या पूर्वजांनी जमिनीसाठी विश्रांती मागून घेतली. आणि आज कुठल्या तरी दूर देशातल्या पोटांसाठी ती विश्रांती तुम्ही मागे ढकलणार? टेम्पो आला तर त्याला रिकामा परत पाठवा!"

टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात एवढ्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या, कारण आमच्या सभांना येणारे सगळे वक्तेच असतात. रामाबाबांनी फेटा घट्ट बसवला. "पाव्हना शिकलेला हाय. त्याला कळतंय ते आपल्याला कळू नये? उद्याच मोडा. कोनाच्या हातानं एक पान तुटलं नाय पायजे."

यमुनाकाकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, त्या भारावून गेल्या आहेत.

घरी आलो तर आत्याने ताट वाढलं आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. भाकरी दुपारच्यापेक्षा जाड होती. काकू माझ्याआधी येऊन गेल्या होत्या.

"भाषन चांगलं झालं बोलतात," शेवटी आत्या म्हणाली.

मग मला दुपारचं सगळं एकदम आठवलं.

मालक कामावर निघण्यासाठी पट्टा आवळत होते. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे गो. पोरगं हाय." ते ऐकून माझी जेवढी मान खाली गेली तेवढी आत्याच्या अबोल्याने गेली नव्हती.

मी म्हणालो, "आत्या, तुम्ही तोडाच उद्या. देवी काही करत नाही."

"देवी नाय करत ते मला पन ठाव हाय," ती म्हणाली. "पन उद्या कोनाची म्हैस मेली, कोनाच्या वालावर कीड पडली, का पोराला ताप आला, तर गाव कोनाकडं बघंल? माझ्याकडं. लंडन येनार हाय का तेव्हा?"

मंगळवार, मोडा

सकाळी उजाडताच मी दुसरा गठ्ठा काढला. 'भगताला प्रश्न विचारा!' त्यातले प्रश्न मीच तयार केलेले असल्याने मला पाठ होते. मी रामाबाबांच्या ओटीवर जाऊन थडकलो.

"बाबा, मोडा पाळला नाही तर पीक जातं याला पुरावा काय?"

रामाबाबा दात घासत होते. त्यांनी चूळ भरली. "काल तू काय बोललास, संप का काय?"

"ते सामाजिक अंगाने. आता मी वैज्ञानिक अंगाने विचारतोय."

"एका रातीत अंग बदललं?" ते किशोरला म्हणाले, "ह्याला चहा दे रे. रिकाम्या पोटी आलाय."

किशोरने चहा दिला. तो म्हणाला की कतारला तो एका मोठ्या गोदामात गाडीने माल उचलतो. काम सुगंधाकाकीच्या मालकांचंच, फक्त पाठीऐवजी यंत्र. "मी तिकडं पन मोडा पाळतो," तो हळूच म्हणाला. "शेत नाय, मग काय करायचं? त्या दिवशी कांदा चिरत नाय. खोलीत एक नेपाळी हाय, एक केरळचा. ते चिरतात. त्यांना ठाव हाय आता, किशोरची देवी हाय आज."

"भाजी काय करता?"

"भेंडी पन मिळते. आपल्याकडचीच असते, चव कळते."

या दोन वाक्यांनी माझ्या शेवटच्या प्रकरणाचा पाया खचला, पण तेव्हा त्याचं दुःख करायला वेळ नव्हता. मी रामाबाबांना सरळ सांगितलं की चूक माझी आहे, आत्याचा नंबर गेला तर माझ्या भाषणाने जाईल, काहीतरी करा.

"मी काय करू? गावासमोर बोललो. शब्द फिरवला तर पुढं मला कोन इचारंल?" ते खरोखर अवघडले होते. "तू येवढं जोरात बोललास का मला मधी जागाच नाय ठेवलीस."

यमुनाकाकू अंगणात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, मोडा कोनाला?"

"गावाला."

"हा कुठं गावचा हाय?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "गेल्या मोड्याला तो रस्त्याचा जेसीबीवाला बिहारी दिवसभर माती उकरत होता. त्याला कोन काय बोललं? पाव्हन्याला मोडा लागत नाय. तोंड चालवलं ना त्यानं? आता हात चालवू दे."

रामाबाबांनी आकाशाकडे बघितलं. मग फेटा काढला, परत घातला. "तोडू दे. पन पाव्हन्या, हे कुठं लिहिलंस तर गावाचं नाव नको. आनि गावच्या मानसानं पिकाला हात लावायचा नाय. क्रेटला पन नाय. वावरात पाय नाय."

"बांधावर बसलं तर?" काकूंनी विचारलं.

"बांधावर बसा."

"बोललं तर?"

"तोंडाला मोडा नाय," रामाबाबा म्हणाले.

अशा रीतीने जागतिकीकरणाचा विळखा सोडवायला आलेला मी, गावातला एकमेव सुटा हात म्हणून, लंडनची भेंडी तोडायला उभा राहिलो. आणि मोडा असल्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या बाया मोकळ्या होत्या. त्या बांधावर पदर सावरून ओळीने बसल्या. भेंडी तोडणं इथे बायांचं काम. ते बाप्या माणूस कसं करतो हे बघायला त्यांना त्यांच्या जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळाली होती.

आत्याने घरातून जुने मोजे आणून बांधावर ठेवले. "हातात घाल. भेंडीला बारीक काटे असतात. आनि बाह्या खाली घे."

मी बाह्या कोपरापर्यंत सरसावल्या होत्या. पत्रकं वाटताना मी तशाच ठेवतो. मी म्हणालो, श्रमाला हातमोजे कशाला.

"बरं," आत्या म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ पहिली सरी संपायच्या आत मला कळला. हाताला मुंग्या, मग आग, मग अशी खाज की मी भेंडी सोडून स्वतःलाच ओरबाडू लागलो. बांधावर हास्याची लाट आली. मी निमूटपणे येऊन मोजे घातले. बाह्या खाली घेतल्या.

"बोटाएवढी तोड रे!" आत्या ओरडली.

मी बोट लावून लावून तोडू लागलो. भेंडीच्या फुलांचा रंग फार सुंदर असतो, फिकट पिवळा आणि मधे गडद जांभळा डोळा, पण ते बघायला मान वर करावी लागते आणि मान वर केली की कोणीतरी ओरडे, "फोटू काढतंय का काय ते?" एक सरी संपवून मी क्रेट बांधाशी नेऊन दाखवला. आत्याने वाकून बघितलं. तिचे हात आपोआप पुढे आले आणि तिने ते मागे घेऊन पदरात गुंडाळले.

"अरे देवा! ही केवढाली तोडलीस?"

"बोटाएवढी."

"कोनाच्या बोटाएवढी?"

मी माझं बोट दाखवलं. तिने तिचं दाखवलं. आम्ही दोघांनी दोन्ही बोटं बघितली. लेखकाची बोटं लांब असतात असं मला लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं, आणि मी त्याचा अभिमान बाळगून होतो.

"गेली ती सरी," यमुनाकाकू म्हणाल्या. "सोलापूरच्या मापानं तोडली त्यानं."

आता खरी पंचाईत झाली. आत्याला वावरात पाय टाकता येत नव्हता आणि माझं बोट आखूड होत नव्हतं. मग तिने अंगणातल्या खराट्याचा एक हीर घेतला, स्वतःच्या मधल्या बोटाला लावून तोडला आणि माझ्याकडे फेकला. "हा घे. हा माझा बोट."

तिथून पुढे मी तो हीर घेऊनच हिंडलो. देठ ठेवायचा, टोक मोडायचं नाही, वाकडी घ्यायची नाही. बांधावरून सूचना येत राहिल्या.

"ती सोडलीस! तुझ्या पायाशी!"

"ती नको, ती वाकडी हाय. लंडनला वाकडी चालत नाय."

"लंडनला वाकडं कायच चालत नाय, मग ह्याला कसा पाठवायचा?"

ऊन वर आलं. कंबर अशी धरली की मी सरीच्या टोकाला उभा राहून मागे वाकलो, आणि त्याच वेळी रातपाळी संपवून मालक आले. ते कमरेचा पट्टा धरून बांधावर टेकले आणि मला मागे वाकलेला बघून म्हणाले, "असंच. तसंच होतंय." ते हसले नाहीत. मग आत्याने ओरडून विचारलं, "किती राहिली रे?" आणि मी परत वाकलो.

टेम्पो आला तेव्हा शेवटची सरी चालू होती. टेम्पोवाला मंगेश मुरबाडचा, तोही परका, म्हणून क्रेट त्याने उचलले. वावरात बाप्या आणि बांधावर अख्खं गाव बघून त्याने मला विचारलं, "भावा, तू कोण?" मी उत्तर देण्याआधी बांधावरून आलं, "पाव्हना!"

पिशवी घेऊन मी टेम्पोत चढलो. मुरबाडला मला तसंही जायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या क्रेटांना एकटं सोडवेना. आत्या बांधावरच उभी होती. ती म्हणाली, "फोन कर. घेतली का नाय ते सांग." मग पुन्हा, मंगेशला, "उन्हात ठेवू नको रे!"

मुरबाड

किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचेपर्यंत मी एकदाही पुस्तिकेचा विचार केला नाही. वळणावर गाडी कलली की मागे क्रेट सरकत आणि माझा जीव सरकत असे.

निवडीची शेड म्हणजे पत्र्याखाली लांबलचक टेबलं आणि दोन्ही बाजूंना टोप्या घातलेल्या बाया. एरवी मी हे दृश्य बघून पहिला गठ्ठा काढला असता. तो काढलाही. पण माल तपासणाऱ्या बाईंच्या हातात आत्याचा क्रेट होता, आणि माझी नजर पत्रकावरून त्यांच्या बोटांकडे गेली ती तिथेच राहिली.

त्यांनी एक मूठ उचलली, उलटसुलट केली, बाजूला टाकली. दुसरी मूठ ठेवली. तिसरी बाजूला.

"ही सुगंधाबाईंच्या हातची नाही," त्या म्हणाल्या. "आजारी आहेत का त्या?"

मंगेश पत्र्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "मोडा आहे."

बाईंचा हात थांबला. "आज? आमच्या गावाला पुढच्या मंगळवारी आहे." मग त्यांनी मला नीट बघितलं, मोज्यांसकट. "मग ही तोडली कुणी? तुम्ही? पाव्हणे का?"

मी मान हलवली. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी मला बघायला टोप्या वर झाल्या.

"मोडा आम्हाला कळतो हो," बाई म्हणाल्या, "विमानाला कुठं कळतो?" आणि त्या पुन्हा निवडू लागल्या, पण आता जरा सावकाश, एकेक भेंडी हातात घेऊन. पहिल्या सरीचा क्रेट त्यांनी अख्खाच परत केला. बाकीच्यांतल्या काही मुठी काढल्या. उरलेलं त्यांनी टेबलावर पुढे सरकवलं. "नंबर राहिला म्हणावं त्यांचा. पण तुम्ही परत तोडायला जाऊ नका."

मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी मथळा वाचला, 'विळखा ओळखा!', आणि माझ्या लाल, सुजलेल्या मनगटांकडे बघून म्हणाल्या, "आधी खोबरेल लावा."

मी आत्याला फोन केला. पलीकडून नुसता गलका आला, कारण ती अजून बांधावरच बसली होती आणि तिच्याबरोबर सगळ्या.

परत आलेला क्रेट मी सोलापूरला घेऊन आलो. सुगंधाआत्याच्या वावरातली, माझ्या मापाची, लंडनने नाकारलेली भेंडी आम्ही ताकातली करून खाल्ली. थोडी जून होती. आईने चोथा ताटाच्या कडेला नीट रचून ठेवला.

माझं मत बदललं असं मात्र समजू नका. एका मंगळवारच्या खाड्याने एका बाईचा नंबर जावा आणि त्या नंबरावर एका माणसाची पाठ अडकलेली असावी, याला मी आजही अन्यायच म्हणतो, आणि पुस्तिकेत तसं लिहिणार आहे. फक्त शेवटचं प्रकरण फाडून टाकलं आहे. त्यात गाव एका बाजूला होतं आणि जग दुसऱ्या बाजूला, मधे एक रेघ. त्या रेघेवर मी स्वतः हीर घेऊन उभा राहिलो, तर तिथे बांध होता, आणि बांधावर सगळ्या बसून हसत होत्या.

काल आत्याचा आवाजी निरोप आला. मागे कोंबड्यांचा आवाज होता.

"ऐक रे. रामाबाबांनी पुढला मोडा सांगितलाय, होळीच्या आधीचा. परत मंगलवारच हाय. त्या मुरबाडच्या बाईचं नको ऐकू, तुझा हात बसंल आता. तू ये. तो हीर मी चुलीमागं ठेवलाय जपून. लांब बाह्यांचा शर्ट घाल. भाषन घरी ठेवून ये. आनि हां, या वेळेस मालक पन सकालपासून बांधावर असतील तुला हसायला. रातपाळी सोडली त्यांनी."